जन्मापासून की कालपासून?

मंडळी, रंगांधळेपणा म्हटलं की इथे बसलेल्या निम्म्या पालकांना भरती आठवते. साहजिक आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात, आणि खानापूर-चंदगडकडच्या वाडीवाडीतलं कुणी ना कुणी फौजेत. पोरगा पळण्यात पहिला आला, उंची-छाती भरली, आणि रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायच्या पुस्तकापाशी अडकला, हे तुम्ही ऐकलेलंच असतं. त्या पोराच्या डोळ्यांना धोका काही नाही. मला जास्त काळजी वाटते ती पन्नाशीतल्या माणसाची, ज्याला परवापरवापर्यंत रंग नीट कळत होते. दोघंही त्याच पुस्तकात चुकतात आणि दोघांच्या कागदावर शेरा एकच पडतो, ‘कलर ब्लाइंड’. पहिल्याला घरी पाठवायचं असतं, दुसऱ्याला घरी पाठवायचं नसतं.

आधी जन्मजात प्रकार बघू. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या साठ-सत्तर लाख शंकू पेशी असतात. त्यांच्या तीन जाती. सोयीसाठी लाल, हिरव्या, निळ्या म्हणू. लाल आणि हिरव्या जातीचे जनुक एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेले असतात आणि दिसायला इतके सारखे, की पिढी बदलताना त्यांची अदलाबदल सहज होते. पुरुषाकडे एक्स एकच. तो बिघडलेला असला तर भरून काढायला दुसरा नाही. बाईकडे दोन असतात, म्हणून ती बहुतेक वेळा स्वतः रंग नीट ओळखते आणि दोष मात्र पुढे पोचवते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात सुमारे ८ जणांना हा दोष असतो, बायकांत दोनशेत एखादीला. आपल्या पुरुषांत आकडा त्याहून कमी येतो, पण दुर्मिळ म्हणावा असा नाही.

बाप मुलाला एक्स देतच नाही. त्यामुळे “आमच्या खानदानात कुणाला नाही” असं वडील छातीठोकपणे सांगतात तेव्हा मी आईकडे वळतो. तुमचे वडील? तुमचे भाऊ? मग आठवतं, की मामा हिरव्या पाल्यात लाल झालेली मिरची लांबून ओळखत नाही. संकेश्वरी मिरचीच्या तोडणीला त्याला कुणी पुढे घालत नाही, एवढंच घरात ठाऊक असतं. त्याला नाव कुणी दिलेलं नसतं. हा दोष आजोळाहून येतो.

जॉन डाल्टन, तोच अणुसिद्धान्तवाला, याला आणि त्याच्या भावाला हाच दोष होता. १७९४ साली मँचेस्टरात त्यानं त्यावर निबंध वाचला. त्याची समजूत अशी, की आपल्या डोळ्यातला द्राव निळा असणार. १८४४ साली तो वारल्यावर, त्याच्याच इच्छेप्रमाणे डोळा उघडून बघितला, तर द्राव स्वच्छ. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या डीएनएनं १९९५ साली उलगडा केला: हिरव्या जातीचं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं.

जन्मजात दोषाची चाल सरळ असते. दोन्ही डोळ्यांत सारखा, लहानपणी होता तेवढाच म्हातारपणी. नजर उत्तम, बारीक अक्षर वाचता येतं. आणि तक्रार रुग्णाची नसतेच; ती बायकोची, मास्तरांची नाही तर भरतीवाल्यांची असते. ज्यानं कधी वेगळं पाहिलंच नाही तो काय तक्रार करणार?

नंतर आलेला दोष असा सरळ चालत नाही. एका डोळ्यात जास्त, एकात कमी. महिन्यामहिन्यानं वाढतो, कधी उतरतो. सोबत नजर मंदावते किंवा मधोमध धुरकट ठिपका येतो. बाई-पुरुष दोघांनाही सारखाच होतो. आणि हा माणूस स्वतः सांगतो, “डॉक्टर, रंग विटल्यासारखे दिसायलेत.” वडगाव-शहापूरच्या मागावर आयुष्य घालवलेला माणूस असं म्हणाला, की मी हातातलं काम खाली ठेवतो. सुताच्या दोन छटा अंधारात चाचपून वेगळ्या करील असा त्याचा हात.

असेच एक विणकर आले होते. क्षयाची औषधं सुरू होऊन काही महिने झालेले, खोकला बरा, वजन वाढलेलं, घरचे खूष. तक्रार एवढीच, की किरमिजी आणि तपकिरी दोऱ्यात गफलत होतेय. दुसरीकडे कुठेतरी पुस्तक दाखवून ‘जन्मजात असेल’ म्हणून त्यांची बोळवण झाली होती. मी औषधाच्या बाटलीचं लाल टोपण हातात धरलं, उजवा डोळा झाकायला लावला, मग डावा. “ह्या डोळ्यानं लाल की. त्या डोळ्यानं... वीट.” अर्ध्या मिनिटाचं काम. लाल रंग एका डोळ्यात असा फिका पडला तर डोळ्याच्या नसेकडे बघावं लागतं.

क्षयाच्या औषधांत एथॅम्ब्युटॉल असतं, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात ते शेवटपर्यंत असतं. फार थोड्यांना ते डोळ्याच्या नसेला बाधतं. डोस जास्त झाला किंवा मूत्रपिंड अधू असलं तर धोका वाढतो. रंग आधी बिघडतात, अक्षरं पुढे. वेळेत कळलं तर डॉक्टर ते औषध बदलतात आणि नजर बऱ्याचदा हळूहळू परतते. उशीर झाला तर परततेच असं नाही. मात्र घाबरून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, क्षय उलटला तर तो डोळ्यापाशी थांबत नाही. रंगात फरक जाणवला की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि पहिली गोळी घेण्याआधी रंगांची तपासणी करून फाइलमध्ये लिहून घ्या. ज्याला मुळातच जन्मजात दोष आहे त्यालाही उद्या क्षय होऊ शकतो. आधीची नोंद नसली तर नवा बिघाड जुन्याच्या आड लपून बसतो, आणि मग आम्ही वैद्य मंडळी नुसते तर्क लढवतो.

आता त्या पुस्तकाबद्दल. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये ते काढलं, मोठ्या प्रतीत ३८ पानं. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो, “हन्नेरडू” म्हणा नाही तर बारा म्हणा. तोही वाचता येत नसेल तर नजर फार कमी आहे, किंवा गडी नाटक करतोय. काही पोरं आकडे पाठ करून येतात. पानांचा क्रम बदलला की पाठांतर संपतं. पुस्तक चांगलं आहे, पण लाल-हिरव्यापुरतंच. निळ्या-पिवळ्याचा दोष त्याच्या जाळ्यातून निसटतो, आणि नंतर येणारे बरेच दोष नेमके तिथलेच. शुगरवाल्यांचा पडदा तपासणीत अजून चांगला दिसत असतानाही त्यांच्या निळ्या-पिवळ्यात चुका होऊ लागतात. जन्मापासून निळ्या-पिवळ्यात गोंधळणारा माणूस इतका विरळा, की प्रौढाला तसा दोष सापडला तर तो नंतर आलेला धरूनच तपासाला लागावं. त्यासाठी रंगीत टोपणं छटेप्रमाणे ओळीत लावायची फार्न्सवर्थची चाचणी लागते.

कोलनर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९१२ मध्ये ठोकताळा दिला: पडद्याचा आजार असेल तर निळं-पिवळं जातं, नसेचा असेल तर लाल-हिरवं. उपयोगी आहे, पण काचबिंदू नसेचा आजार असून निळं-पिवळं आधी नेतो, तेव्हा त्यावर डोळे झाकून विसंबू नये.

मोतीबिंदूचा मामला मात्र निरुपद्रवी. भिंग पिवळं पडतं, निळा प्रकाश अडवतं, आणि आजी काळी म्हणून गडद निळी साडी नेसतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना पांढरं धोतर बघायला सांगा. नव्या डोळ्यानं निळसर पांढरं, जुन्यानं चहात बुडवून काढलेलं.

चिठ्ठीवर दोन प्रश्न आलेत. पहिला, लायसन्स मिळतं का? २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलला. सौम्य आणि मध्यम दोष असेल तर मिळतं. रेल्वेचं इंजिन चालवायचं असेल तर मात्र नाही.

दुसरा प्रश्न एका ताईंचा आहे: माझ्या भावाला रंग कळत नाहीत आणि त्याचीच मुलगी मला सून करून आणायची आहे. ताई, भावाची मुलगी हा दोष वाहणारच, कारण बापाचा एकुलता एक्स तिला मिळालाय. तुमच्या मुलाला आधी पुस्तक दाखवा. तुम्ही स्वतःही दोष वाहत असण्याची शक्यता निम्मी आहे. मुलगा नीट वाचत असेल तर नातवांत प्रत्येकाला दोष येण्याची शक्यता निम्मी, नातींना त्रास नाही. तोही चुकत असेल तर नातींनाही तेवढीच शक्यता. यासाठी सोयरीक मोडायचं कारण मला दिसत नाही. नातवंडं शाळेत जायला लागली की मात्र बाईंना सांगून ठेवा, रंगाच्या खडूवर नाव लिहून द्या म्हणून.