माळ्यावरची पिंपं

(जिना. वर अंधार, कौलांतून उन्हाची तिरीप.)

जिना संपायच्या आधीच वास येतो. आंबट, गोड, आणि त्यात मुरलेल्या लाकडाचा.

हे इटलीतलं मोदेना. घराच्या छपराखाली पिंपांची ही उतरती ओळ, बाल्सामिको व्हिनेगर मुरवायची. हिला इथले लोक ‘बात्तेरिया’ म्हणतात. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर. प्रत्येक लाकूड आपला वास देतं. मुलगी जन्मली की तिच्या नावानं नवी ओळ लावायची, लग्नात ती तिला द्यायची, अशी जुनी चाल.

माळ्यावरच का? कारण उन्हाळ्यात छप्पर तापायला हवं. उन्हाळ्यात रस आंबतो, आटतो. हिवाळ्यात निवळतो.

(काहील, वाफ.)

आपल्याकडचं गुऱ्हाळ आठवेल. फरक इतकाच, की काहिलीत त्रेब्बियानो आणि लाम्ब्रुस्को द्राक्षांचा रस आहे. मळी काढत, मंद आचेवर, तासन्‌तास. वरून साखर नाही, रंग नाही.

आता हे फडकं बघा. पिंपाच्या पाठीवरचं भोक फक्त एवढ्या सुती तुकड्यानं झाकलेलं. रसाला श्वास घेता यायला हवा. वर्षातून एकदा सगळ्यांत लहान पिंपातून थोडं काढायचं. ती तूट शेजारच्या मोठ्या पिंपातून भरायची, त्याची त्याच्याहून मोठ्यातून. नवा रस पडतो तो फक्त सगळ्यांत मोठ्या पिंपात. किमान बारा वर्षं हे चालतं. पंचवीस झाली, की ‘एक्स्त्राव्हेक्किओ’, म्हणजे अतिजुनं.

‘बाल्सामिको’ म्हणजे मलमासारखं, औषधी. मोदेनावर राज्य करणाऱ्या एस्ते घराण्याच्या १७४७ च्या दप्तरात हा शब्द सापडतो.

दुकानात मोदेनाच्याच नावानं मिळणारी स्वस्त बाटली वेगळी. तिच्यात वाइनचं व्हिनेगर असतं आणि साठ दिवस पुरतात. कोशिंबिरीवर ऑलिव्ह तेलाबरोबर ती छान लागते. पण नुसत्या ‘बाल्सामिको’ शब्दाला संरक्षण नाही, तो इतरांनाही वापरता येतो, असं युरोपीय न्यायालयानं २०१९ मध्ये ठरवलं.

(ताटली, अगदी जवळून.)

पारंपरिक बाल्सामिको मिळतं ते फक्त या शंभर मिलिलिटरच्या बाटलीत. ते विस्तवावर चढवायचं नाही, त्याचा सुगंध उडून जातो. पार्मेजानो चीजचा तुकडा मोडायचा, वर दोन थेंब. स्ट्रॉबेरीवर, व्हॅनिला आइस्क्रीमवर, ताटात वाढलेल्या मांसावर. काकवीसारखा दाट थेंब, चमच्याच्या कडेला क्षणभर अडकतो, मग सुटतो.

(पुन्हा माळा.)

फडकं परत जागेवर. आता पुढच्या हिवाळ्यात.