शब्द स्पेनचे, चाल इटलीची

[पडद्यावर: ब्युनॉस आयर्सचा भाजीबाजार. भावावरून घासाघीस चालू आहे.]

बोलणं स्पॅनिशमध्ये चाललंय. पण सूर ऐका, हातवारे बघा. कुणाला वाटेल, इटलीतलीच दोन माणसं हुज्जत घालताहेत.

युरोपातून माणसं आणायची, हे अर्जेंटिनाने 1853 च्या राज्यघटनेतच लिहून टाकलं होतं. राज्यकर्त्यांच्या मनात होते उत्तर युरोपातले शेतकरी. आले ते मुख्यतः इटली आणि स्पेनमधले गरीब, आणि त्यातले पुष्कळ बंदराच्या शहरातच राहिले. 1914 च्या जनगणनेत ब्युनॉस आयर्समधली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती.

[पडद्यावर: ला बोका, ब्युनॉस आयर्समधली बंदराकाठची वस्ती. जुनी पत्र्याची घरं.]

मधे अंगण, भोवती खोल्या, खोलीत एकेक बिऱ्हाड, नळ सामाईक. चाळच म्हणा ना. आपण सरसकट ‘इटालियन’ म्हणतो, पण जिनोआच्या खलाश्याला नेपल्सच्या हमालाची बोली धड कळत नसे. मग नळावर भांडायलासुद्धा मोडकीतोडकी स्पॅनिशच कामी यायची. पोदेस्ता बंधूंच्या सर्कशीतल्या नाटकात या बोलण्याची टर उडवणारं एक पात्र होतं, कोकोलिचे. पुढे त्या धेडगुजरी बोलीलाच ते नाव चिकटलं. गंमत म्हणजे पोदेस्तांचे आईवडील स्वतः जिनोआकडचे!

पोरं शाळेत गेली. 1884 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं होतं. घरची बोली एकदोन पिढ्यांत मागे पडली. सूर मात्र राहिला. एरवी बहुतेक स्पॅनिश बोलींत वाक्याच्या ओघात आवाज चढतो तो आघाताचं, म्हणजे शब्दात जोर देऊन उच्चारलेलं, अक्षर उलटून गेल्यावर. इथे तो त्या अक्षरावरच चढतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा चढउतार नेपल्सच्या इटालियनशी जुळताना दिसला.

शब्दही मुरले. काम म्हणजे लाबूरो, आजोबा नोनो, निरोप घेताना चाऊ. 1943 नंतर लष्करी राजवटीने रेडिओवरच्या टँगो गाण्यांतली असली रस्त्यावरची बोली बदलायला लावली. बाजारात कोण ऐकतो?

[पडद्यावर: स्वयंपाकघर. बटाटा-मैद्याच्या कणकेचे छोटे गोळे काट्यावरून वळले जाताहेत.]

हे न्योकी. महिन्याच्या 29 तारखेला घरोघरी होतात. ताटाखाली नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना बरकतीचा जातो. पगाराआधी खिसा रिकामा असताना बटाटा आणि पीठ परवडतं, हे त्यामागचं लोक सांगतात ते कारण.

याच तारखेवरून एक शिवी निघाली. सरकारी कचेरीत नाव हजेरीपटावर, पण स्वारी उगवते महिनाअखेरीला, पगारापुरती. अशा माणसाला इथे न्योकी म्हणतात. नवं सरकार आलं की न्योकी हुडकून काढायची भाषा सुरू होते, आणि कचेऱ्यांमधली हजेरी एकदम वाढते.