गंगाराम कांबळ्यांचा चहा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. पुण्यात नोकरीला आहे, मूळ गाव शिरोळ तालुक्यातलं, घरचा साडेतीन एकर ऊस. फराळाचं ताट पुढं आलं तरी याचं बोट मोबाईलवरच. मान वर न करता म्हणाला, "मामा, तुम्ही आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलंत, पण खरं अर्थशास्त्र शिकवलंच नाहीत." माझ्या तोंडात चकली होती, म्हणून उत्तराला जरा उशीर झाला.

तो वाचत होता ती पुस्तकं अमेरिकेतल्या एका संस्थेची. अलाबामा राज्यात ऑबर्न नावाचं गाव आहे. लुडविग फॉन मिझेस या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाच्या नावानं १९८२ साली निघालेली मिझेस इन्स्टिट्यूट तिथली. मिझेस तोवर वारले होते. संस्थेची वैचारिक धुरा होती त्यांचे शिष्य मरे रॉथबार्ड यांच्याकडे. यांचं सगळं तत्त्वज्ञान एका ओळीत मावतं. माणूस स्वतःचा मालक, त्याच्या मिळकतीचाही मालक. त्याच्या अंगाला किंवा मालमत्तेला कुणी बळानं हात लावायचा नाही. बाकी सगळं राजीखुशीच्या सौद्यावर सोडून द्या. कर म्हणजे लूट, सक्तीचं शिक्षण म्हणजे गुलामगिरी. सरकार असलंच तर नावापुरतं, आणि रॉथबार्डना तर तेवढंही नको होतं.

ऐकायला सोपं आहे आणि विशीतल्या पोराला ते का भावतं हेही मला कळतं. तलाठ्याकडं एका सहीसाठी चार हेलपाटे मारलेल्या कुणालाही ते भावेल.

एक गंमत जाता जाता सांगतो. जगात फुकट काही नसतं असं सांगणारी ही संस्था आपली पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाटते. देणगीवर चालते. खुद्द मिझेस न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवायचे, पण त्यांचा पगार विद्यापीठ देत नव्हतं. तो चाहत्या धनिकांच्या निधीतून यायचा. म्हणजे मुक्त बाजाराच्या विचाराला खुल्या बाजारात गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं. यात चूक काही नाही. आपल्याकडच्या तालमीही दानशूरांच्या खुराकावरच चालल्या. फक्त तालमीतला पैलवान, मी माझ्या जिवावर मोठा झालो, असं म्हणत नाही.

आता मिझेस यांचं जे खरं आहे ते आधी पदरात घालतो. १९२० साली त्यांनी एक मुद्दा मांडला. सगळे कारखाने आणि जमिनी सरकारच्याच झाल्या, तर कच्च्या मालाला, यंत्राला खरी किंमतच उरणार नाही. आणि किंमत नसेल तर काय बनवणं परवडतं आणि काय नाही, याचा हिशेब दिल्लीतल्या, मॉस्कोतल्या कुठल्याच कारकुनाला लागणार नाही. हा मुद्दा काळानं खरा ठरवला. गुळाचा सौदा ज्यानं पाहिलाय त्याला तो समजवावा लागत नाही. रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग, कण, चव बघून बोली लागते आणि त्या एका आकड्यात पाऊस, मजुरी, गुजरातची मागणी असं सगळं येऊन बसतं. हे काम कुठल्या समितीला जमायचं नाही.

पण हा सौदा जिथं वाढला, ती शाहूपुरीची पेठ आपोआप उगवली नव्हती. १८९५ साली शाहू महाराजांनी ती वसवली, व्यापाऱ्यांना मुद्दाम आणून बसवलं. बाजार आधी आणि सरकार नंतर येऊन त्यात लुडबूड करतं, हा जो क्रम या मंडळींनी धरलाय, तो निदान कोल्हापुरात तरी उलटा आहे.

भाचा म्हणाला, "मामा, एका गावाच्या उदाहरणानं सिद्धांत खोटा ठरत नाही." बरोबर बोलला. कारण हा सिद्धांत कुठल्याच उदाहरणानं खोटा ठरत नाही! मिझेस यांनी तशी सोयच करून ठेवली आहे. त्यांच्या मते अर्थशास्त्र हे भूमितीसारखं. माणूस हेतू धरून कृती करतो या एका गृहीतकावरून सगळं तर्कानं निघतं. अनुभवानं ते तपासता येत नाही, म्हणून अनुभवानं ते पडतही नाही. आमच्या लहानपणी गल्लीत एक वस्ताद होते. त्यांचा पट्ठा जिंकला की डाव त्यांनी शिकवलेला, आणि हरला की म्हणायचे, यानं माझं ऐकलं नाही. बाजार फळला तर बाजाराचं श्रेय. बुडाला तर मध्ये सरकार कडमडलं असणारच. असा वस्ताद कधी हरत नाही, पण त्याच्या हाताखाली पोरांनी शिकायचं काय?

तरी माझी खरी तक्रार तर्काबद्दल नाही. ती जबरदस्ती या शब्दाबद्दल आहे, आणि त्यासाठी तुम्हाला भाऊसिंगजी रोडवर यावं लागेल.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदाचं पाणी घेतलं म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांची खबर घेतली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून धंद्याला पैसे दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. गिऱ्हाईक मात्र येईना. महाराच्या हातचा चहा प्यायचा कुणी?

आता ऑबर्नची फूटपट्टी इथं लावून बघा. गंगारामांच्या अंगाला कुणी हात लावला? हॉटेलाची कपबशी तरी कुणी फोडली? प्रत्येक जण आपापल्या मर्जीनं त्या दारावरून पुढं गेला. सौदा राजीखुशीचा, ज्याला करायचा नव्हता त्यानं केला नाही. या तत्त्वज्ञानाच्या वहीत त्या दिवशी कुणावर कसलाही अन्याय झाल्याची नोंद होत नाही. वही कोरी, आणि चुलीवर चहा उकळून आटून चाललेला.

या मंडळींचं ठरलेलं उत्तर असं, की भेदभाव करणारा बाजारात आपलंच नुकसान करून घेतो, म्हणून स्पर्धेत भेदभाव हळूहळू विरतो. जात काय चीज आहे हे ज्याला ठाऊक नाही त्यालाच हे पटेल. भाऊसिंगजी रोडवर नुकसान कुणाचं होणार होतं? जो चहा पिईल त्याचं. त्याला पंगतीतून उठवलं असतं, त्याच्या पोरीची सोयरीक अडली असती, त्याच्या दुकानात दुसऱ्या दिवशी कुणी पाय ठेवला नसता. दंड भेदभाव मोडणाऱ्याला होता, पाळणाऱ्याला नव्हता. हे सरकारनं केलं नव्हतं. पोलीस नव्हता, कायदा नव्हता, तरी सगळा गाव एकाच दिशेनं चालत होता. याला जबरदस्ती म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

पुढची गोष्ट कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या हॉटेलापुढं थांबवायचे, सगळ्यांदेखत चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. सहीसाठी आलेल्यांनाही तिथंच बोलवत, असं जुने लोक सांगतात.

भाच्यानं इथं मला अडवलं. "पण मामा, महाराज स्वखुशीनं चहा प्यायले. कायदा कुठं केला?" मी म्हटलं, बाबा रे, त्या कपामागं गादी होती. शिवाय कायदाही केला. १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली शाळा-दवाखान्यांत शिवाशिव पाळायला बंदी केली. यातला एकही हुकूम रॉथबार्डच्या कसोटीला उतरत नाही. त्यांनी तर लिहून ठेवलंय, की मुलाचा जीव घ्यायचा किंवा त्याला जायबंदी करायचा हक्क आईबापाला नाही, पण त्याला खाऊ घालण्याची, शिकवण्याची कायदेशीर सक्तीही त्यांच्यावर असू नये. तर्क शेवटपर्यंत नेला की तो इथं येतो, आणि रॉथबार्ड बिचकणाऱ्यातले नव्हते, एवढं मान्य करायला हवं.

जातीचा विषय निघाला की भाचा गप्प होतो, पण उसाचा निघाला की त्याला जोर चढतो. उसाला सरकारनं एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान भाव, ठरवायचीच कशाला, असं त्याचं म्हणणं. शेतकरी आणि कारखाना बसून भाव ठरवतील.

बसतील कुठं, मला सांगा. ऊस म्हणजे सोनं नव्हे, की भाव पडला म्हणून कपाटात ठेवला. एकदा तोड झाली की तासातासाला वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. दिवसाच्या आत गाळपाला जायला हवा. गाडी काट्यापुढच्या रांगेत उभी आहे आणि शेतकरी म्हणतोय, भाव पटत नाही, मी दुसरीकडं चाललो? जत्रेच्या मैदानातसुद्धा जोड लावताना जाणती माणसं वजन, तयारी बघतात. दोघंही खुशीनं लांग चढवून आलेत म्हणून कुणी पोराला हिंदकेसरीपुढं उभं करत नाही. ऊस नेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या, नाहीतर पंधरा टक्के व्याज, हा नियम म्हणजे अशीच जोड लावणं आहे. तो नीट पाळला जातो का, हे तुम्ही मला विचारू नका. दर हंगामात रस्त्यावर बसणाऱ्यांना विचारा.

सरकार शेतकऱ्याला नाडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. झोनबंदीनं आपला ऊस आपल्याच भागातल्या कारखान्याला घालायला लावला. लेव्हीची, म्हणजे कारखान्यांनी सरकारला सक्तीनं द्यायची, साखर २०१३ पर्यंत स्वस्तात ओढून नेली. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद केली ती पुढच्या मे महिन्यापर्यंत. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे सगळं आयुष्यभर मांडलं आणि बाजाराच्या स्वातंत्र्यावर मराठीत त्यांच्याइतक्या ताकदीनं कुणी बोललं नाही. पण जोशींचा पाय बांधावर होता. १९८१ साली निपाणीत तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखला, गोळीबारात माणसं गेली. तिथं भाव पाडणारे होते ते खासगी व्यापारी. स्वातंत्र्याचा केवढाही मोठा पुरस्कर्ता असो, निपाणीत उभा राहिला की त्याला दोन्ही दांडगे दिसतात, सरकारी आणि पेठेतला. ऑबर्नमधून एकच दिसतो.

भाच्यानं एक टोला मात्र खणखणीत हाणला. "शेतकऱ्यापुढं एकच कारखाना का असतो मामा? दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर हवाई अंतर हवं, ही अट सरकारचीच ना?" सरकारचीच. आणि ती अट साखरसम्राटांच्या सोयीची आहे, हे मलाही दिसतं. साखर धंद्यासाठी केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ सालीच ती काढायला सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, इथं तू जिंकलास. अट गेली तरी तोडलेल्या उसाचं घड्याळ थांबणार नाही, हे मी पुढं जोडलं, पण त्याला जिंकल्याचा आनंद झाला होता, त्यानं ते ऐकलं असं वाटत नाही.

संध्याकाळी दोघं फिरायला बाहेर पडलो. भवानी मंडपातून चालत भाऊसिंगजी रोडला आलो आणि एका टपरीवर थांबलो. मी विचारलं, "तू तेव्हा असतास तर गंगाराम कांबळ्यांकडं चहा प्यायला असतास?"

"प्यायलो असतो," तो लगेच म्हणाला.

"आणि तुझे पणजोबा?"

त्यानं कपातल्या चहाकडं बघितलं. मग खिशातून पैसे काढले आणि माझ्याही कपाचे देऊन टाकले.

नमस्कार.