झांझिबारची राजकन्या सलमे: लग्नानंतरची 57 वर्षे

नमस्कार. राजघराण्यातल्या कुणी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले की आपण ती हकिगत लग्नापर्यंत ऐकतो आणि उठतो. झांझिबारची राजकन्या सय्यदा सलमे लग्नानंतर जवळजवळ 57 वर्षे जगली, आणि मला तिच्याविषयी बोलायचे आहे ते मुख्यतः त्या वर्षांसाठी.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे, लवंगांसाठी प्रसिद्ध असलेले हे बेट तेव्हा ओमानचा सुलतान सईद याची राजधानी होते. त्याच्या मतोनी येथील राजवाड्यात 1844 साली सलमे जन्मली. तिची आई जिल्फिदान ही गुलाम म्हणून आणलेली चेर्केशियन, म्हणजे कॉकेशस भागातली, स्त्री होती. मुलींना फक्त वाचायला शिकवत. लिहिणे त्यांच्यासाठी नव्हते. सलमेने उंटाच्या खांद्याच्या हाडाची पाटी केली आणि कुराणातली अक्षरे त्यावर गिरवत ती चोरून लिहायला शिकली. पुढे याच विद्येने तिला अडचणीत आणले. वडिलांच्या मृत्यूनंतर गादीवर बसलेल्या माजिदविरुद्ध दुसरा भाऊ बर्गश याने 1859 मध्ये उठाव केला, तेव्हा कटाची पत्रे लिहिण्याचे काम या पंधरा वर्षांच्या मुलीकडे आले. उठाव फसला. नंतर तिने माजिदशी समेट केला, आणि ते बर्गशच्या बाजूच्या भावंडांच्या मनातून गेले नाही.

शहरात तिच्या शेजारी रुडॉल्फ हाइनरिश र्यूटे हा हॅम्बुर्गचा तरुण व्यापारी राहत असे. दोघांचे प्रेम जमले आणि तिला दिवस गेले. अविवाहित मुस्लिम राजकन्येच्या पोटी ख्रिस्ती माणसाचे मूल, म्हणजे तिच्या जिवालाच धोका होता. ऑगस्ट 1866 मध्ये ‘हायफ्लायर’ या ब्रिटिश युद्धनौकेतून ती अरबस्तानच्या दक्षिण टोकावरील एडन या बंदराला निसटली. र्यूटेला व्यापार आवरून तिथे पोहोचायला कित्येक महिने लागले. तोवर मुलगा जन्मला होता. एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्यातून चालत असे, म्हणजे हे लग्न एका अर्थाने मुंबईच्या अमलाखाली लागले. 30 मे 1867 या एकाच दिवशी तिचा बाप्तिस्मा झाला, ती एमिली झाली, विवाह झाला आणि दोघे युरोपला निघाले. ते तान्हे बाळ वाटेतच दगावले.

हॅम्बुर्गमध्ये तिला आणखी तीन मुले झाली. 1870 च्या ऑगस्टमध्ये ट्रामच्या अपघातात र्यूटेचा मृत्यू झाला, तेव्हा ती सव्वीस वर्षांचीही नव्हती. त्याच वर्षी माजिद वारला आणि बर्गश सुलतान झाला. तिला वारसाहक्काचा वाटा देणे तर दूरच, भेट घ्यायलाही तो तयार नव्हता. 1875 मध्ये बर्गश लंडनला आला, तेव्हा ती मुद्दाम तिथे गेली. तिची गाठ पडली ती सर बार्टल फ्रिअर यांच्याशी, म्हणजे मुंबईचे जे गव्हर्नर आपल्याला किल्ल्याची तटबंदी पाडल्यामुळे माहीत आहेत, त्यांच्याशी. भावाची भेट किंवा मुलांच्या भवितव्याची सोय, यांपैकी एक निवडा, असे तिला सांगण्यात आले. आई म्हणून तिने मुले निवडली आणि बर्गश परत जाईपर्यंत ती गप्प राहिली. त्यानंतर, तुम्ही जर्मन प्रजाजन आहात असे कारण देऊन ब्रिटिश सरकारने हात वर केले. एका विधवेला असे फसवल्याचे वाचताना आजही संताप येतो.

जर्मनीनेही वेगळे काही केले नाही. 1885 मध्ये जर्मन चॅन्सेलर बिस्मार्कने तिला आरमारासोबत झांझिबारला पाठवले, कारण तिचा दावा हे बर्गशवर दडपण आणण्याचे साधन होते. पूर्व आफ्रिकेतल्या प्रदेशावरचा जर्मन हक्क बर्गशने मान्य केला, आणि तिचा दावा बाजूला पडला. एकोणीस वर्षांनी तिला आपले गाव दिसले होते, पण भावाचे दार उघडले नाही.

1886 मध्ये तिच्या आठवणी जर्मन भाषेत प्रसिद्ध झाल्या. जनानखान्याचे युरोपात रंगवलेले चित्र तिने त्यांत ठामपणे खोडून काढले आहे. मात्र त्याच पुस्तकात ती अरबांमधल्या गुलाम बाळगण्याच्या प्रथेचेही समर्थन करते, आणि तिची आई कुठून आली हे माहीत असलेल्या वाचकाला ते पचवणे जड जाते. स्वतःविषयी मात्र ती काही लपवत नाही: घर सोडताना ती पुरती अरब आणि चांगली मुसलमान होती, आता ती धड ख्रिस्तीही नाही आणि पुरती जर्मनही नाही, अशा आशयाचे तिने लिहिले आहे.

1888 मध्ये ती पुन्हा झांझिबारला गेली. बर्गश त्याच वर्षी वारला होता, तरी नव्या सुलतानाकडूनही काही मिळाले नाही. पुढची पंचवीसेक वर्षे तिने जाफा आणि बैरूत येथे, अरबी कानांवर पडेल अशा गावांत काढली. 29 फेब्रुवारी 1924 रोजी जर्मनीत येना येथे ती वारली. तिच्या सामानात झांझिबारच्या किनाऱ्यावरील वाळूची एक पिशवी निघाली. हॅम्बुर्गच्या ओल्सडॉर्फ दफनभूमीत, र्यूटेच्या शेजारी, ती वाळू तिच्याबरोबर ठेवली आहे.