कधी जायचं, ते आधी विचारा

(नाशिकमध्ये नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबांसमोर एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, मला विषय दिलाय ‘नाशिकमध्ये काय खावं, काय बघावं’. मी दहा नावं सांगेन, तुम्ही मोबाइलवर टिपून घ्याल आणि साडेसातला आपण सगळे चहाला मोकळे, असा आयोजकांचा हिशोब दिसतोय. नावं सांगतो. पण आधी माझी एक फजिती ऐका.

पंधराएक वर्षांपूर्वी पुण्याहून आमचे साडू सहकुटुंब आले होते. मी फुशारकीनं म्हटलं, उद्या मिसळ खायला घालतो. दुसरा दिवस रविवार. मुलांच्या आंघोळी, बायकांचं आवरणं, गाडीची किल्ली सापडेना, असं करता करता दीड वाजला. पोचलो तर पोरगा टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवत होता. म्हणाला, “काका, रस्सा संपला.” साडू नुसतं “बरं” म्हणाले. पुणेकराचं ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं.

तेव्हापासून कुणी विचारलं, नाशिकला कुठे जायचं, तर मी आधी विचारतो, कधी येताय? या गावातल्या चांगल्या गोष्टी बहुतेक वेळा बंदच असतात. मिसळ दुपारी बंद. रथ वर्षभर उभा. आणि एक गोष्ट तर चक्क रस्त्याखाली पुरलेली असते, तिच्याकडे येतोच.

मिसळ सकाळी. नऊच्या आत गेलात तर उत्तम, कारण रस्सा तेव्हा नुकता जमलेला असतो. आपल्याकडे लाल आणि काळा, दोन्ही रस्से आहेत. काळा रंग मसाल्याचा. सुकं खोबरं आणि कांदा करपायच्या एक पाऊल अलीकडे आणायचा आणि तिथेच थांबवायचा. ते पाऊल पुढे पडलं की रस्सा कडू, मागे राहिलं की नुसता तपकिरी. पंचवटीत ‘अंबिका’चा काळा रस्सा खा, मग समजेल. चुलीवरची हवी तर ‘साधना’. मटकी, शेव, कांदा एकीकडे आणि रस्सा वेगळ्या वाटीत आला की लगेच ओतू नका. आधी एक चमचा नुसता रस्सा प्या. मग ठरवा, किती झेपेल ते. सोबत पापड येतो, त्यावर बाहेरगावचे हसतात. हसू द्या. रश्श्यात मोडलेला पापड अर्धा मऊ झाला आणि अर्धा कुरकुरीत राहिला, त्या दहा सेकंदांत खायचा असतो. बघा, इथेही पुन्हा वेळच!

हल्ली मळ्यात झोपाळे, बैलगाडी, सेल्फीची जागा असलेल्या मिसळी फार झाल्यात. मुलं बरोबर असतील तर जरूर जा. चवीसाठी जायचं असेल तर मी अजूनही दाटीवाटीचं, पाण्याचा ग्लास बाकावर आपटून ठेवणारं दुकान शोधतो. हा माझा हट्ट समजा.

बाकीचं भराभर सांगतो. साबुदाणा वड्याला ‘सायंतारा’. पाहुण्यांच्या पिशवीत ‘कोंडाजी’चा चिवडा. द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये खा, दिवाळीला आलेल्या पाहुण्याला ‘नाशिकची द्राक्षं’ म्हणून फसवू नका. पावसाळ्यात बुधवारी गंगेवरच्या बाजारात जा. हो, गंगेवर. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पत्ता सांगतानाही. आता दोन दिवसांत तुम्हीही म्हणायला लागाल. तिथे रानभाज्या घेऊन बसलेल्या बायकांना ‘ही कशी करायची’ विचारा. कृती फुकट मिळते, आणि कुठल्याही रेसिपीच्या व्हिडिओपेक्षा ती चांगली असते.

आता कलेकडे. नाटकाला कालिदास कलामंदिर, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक, वाचनाला सार्वजनिक वाचनालय, तेही 1840 पासूनचं. हे सगळं तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगतो ते मे महिन्याचं. उन्हाळ्यात लोक महाबळेश्वरला पळतात, तेव्हा नाशिककर संध्याकाळी गोदाघाटावर व्याख्यान ऐकायला बसतो. वसंत व्याख्यानमाला 1922 पासून चालू आहे. नदीवरून वारा येतो, मधूनच आरतीची घंटा वक्त्याला थांबवते, आणि मागच्या बाजूला कुणीतरी शेंगदाण्यांची पुडी सोडतं. वक्ता कंटाळवाणा निघाला तरी बैठक वाया जात नाही. माझ्यासारख्याला हे सोयीचंच आहे.

दिवाळी पाडव्याला पहाटे नेहरू चौकातल्या पिंपळपारावर गाणं असतं. स्वेटर घालून जा. इतकं पुरे.

चैत्रात रामनवमीनंतर कामदा एकादशीला काळाराम मंदिराचे दोन रथ निघतात. गरुडरथ पुढे, रामरथ मागे, दोरखंडांनी ओढलेले. रामरथासमोर मानाचे बुवा रामाकडे तोंड करून उलटे चालतात. मी दरवेळी त्यांच्या पायांकडे बघत राहतो. गर्दी, उतार, घाटाचे दगड, आणि माणूस मागे वळून न बघता चाललाय! पाहुण्यांना हे दाखवाल तेव्हा याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, हेही त्यांना सांगा. ते वगळून रथ दाखवला तर दाखवणं अर्धंच राहतं.

आणि फाल्गुन. नवे लोक इथेच चुकतात. धुळवडीला रंग घेऊन खाली उतरतात आणि बघतात तर गल्लीत कुणीच भिजलेलं नाही. आपल्याकडे त्या दिवशी वीर निघतात. लहान पोरं देवांचे पोशाख घालून वाजतगाजत गंगेवर जातात. दाजीबा वीराच्या डोक्याला बाशिंग असतं. सांगतात, अंगाला हळद लागलेली असतानाच तो मारला गेला. म्हणून आजही तो नवरदेवाच्या थाटात निघतो.

रंग रंगपंचमीला. आणि आता ती रस्त्याखालची गोष्ट. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, शनी चौक इथे पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. रहाड म्हणजे दगडी बांधणीचा चौकोनी हौद, पुरुषभराहून खोल. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बंद असतो आणि वरून रिक्षा, हातगाड्या चालतात. रंगपंचमीच्या आधी उकरतात, साफ करतात, पूजा होते. फुलं उकळून रंग करतात. तिवंध्याचा पिवळा, शनी चौकातला गुलाबी, दिल्ली दरवाजाचा केशरी. पहिली उडी मानकऱ्यांची, नंतर सगळ्या गावाची. उडीला ‘धप्पा’ म्हणतात आणि तो आवाजच तसा येतो. एकाचा धप्पा बसला की काठावरचे वीसजण रंगतात.

माझ्या धाकट्याच्या कानामागे तो पिवळा रंग चार दिवस होता. शाळेत बाईंनी विचारलं, कावीळ झालीय का?

तर त्या दिवशी जुने कपडे घाला, मोबाइल घरी ठेवा, चप्पल हातात धरू नका. पोहता येत नसेल तर काठावर उभं राहा. पण खरं सांगतो, काठावर उभ्या असलेल्याला तिथे कुणी काठावर राहू देत नाही.