येळवशीची पंगत

श्रोतेहो, नमस्कार.

पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. आमच्या लातूर-धाराशिवकडं ती येळवस. कानडीत तिळाला एळ्ळु म्हणतात आणि सीमेपल्याड बिदर-कलबुर्गीकडंही मार्गशीर्षातली हीच अमावास्या 'एळ्ळ अमावास्ये' म्हणून साजरी होते. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, अशा दिवसांत सगळा गाव रानात जेवायला जातो. जिल्हाधिकारी सुट्टी देतात आणि दुपारी बारा वाजता गावात चिटपाखरू सापडत नाही. दिवाळीला एखादा चुलता आला नाही तरी निभायचं, येळवशीला नाही आला तर वर्षभर बोलणी खायचा.

आमच्या घरी आदल्या रात्री बायका झोपायच्याच नाहीत. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे दोन दिवस सोलून ठेवलेले असायचे. पहाटे त्यांची भज्जी शिजायची. चिंचेचा कोळ, हिरवी मिरची, लसूण, मेथी, गाजर, शेंगदाणे आणि वरून बेसन. बेसन पडलं की डाव थांबवायचा नाही, बुडाला लागतं. चुलती हात भरून आला की डाव मायकडं द्यायची, माय आत्याकडं. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, धपाटे हे सगळं त्याच चुलीवर. आंबील मात्र आज्जीची. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून, शिजवून ती मातीच्या बिंदग्यात ओतायची, जिरं-लसूण वाटून घालायची आणि बिंदगं रानापर्यंत स्वतःच्या डोक्यावर न्यायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात चुना-काव लावलेले पाच दगड, तेच पाच पांडव. पूजा झाली की अण्णा 'ओलगे, ओलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपडायचे. मग पळसाच्या पत्रावळ्या मांडायच्या.

आम्हा लेकरांना मात्र लगेच बसता यायचं नाही. आज्जी आम्हाला बांधावर उभं करायची. वाटेनं कुणीही जाताना दिसलं, ओळखीचं असो की नसो, त्याला हाक मारायची, हे आमचं काम. मी सात वर्षांची असेन. डोक्यावर गाठोडं घेतलेला एक म्हातारा गेला आणि लाजून माझ्या तोंडातून शब्दच फुटला नाही. आज्जीनं लांबून पाहिलं. ती रागावली नाही. "पळ, आण त्याला माघारी," एवढंच म्हणाली. मी करडईतून आडवी पळाले. करडईचे काटे काय असतात ते रानातल्या माणसाला सांगायला नको. पोटऱ्या ओरबाडून निघाल्या. म्हातारा आला, पत्रावळीवर बसला, तीन वाट्या आंबील प्याला. तो उठेपर्यंत आज्जीनं घास घेतला नाही. माझ्या पायाला खोबरेल तिनं नंतर लावलं.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. गणपती बोळवून गाव झोपला होता. किल्लारीचा भूकंप तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल आज बोलत नाही. आमच्या घरातली दोन माणसं गेली. जानेवारी 1994 मध्ये येळवस आली तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. भज्जी करायची कुणाची छाती होईना. डाव हातात घेणारी चुलतीच राहिली नव्हती. "लक्ष्मी उपाशी कशी ठेवायची," म्हणून आज्जीनं तांब्याभर आंबील केली आणि मला घेऊन रानात गेली. कोप घातली, पूजा केली. पत्रावळ्या मांडल्या नाहीत.

परत निघालो तेव्हा वाटेवरच्या एका रानातून एक पोरगं धावत आलं. आमच्यापेक्षा त्यांची पडझड कमी नव्हती. "आज्जी, या की, घास खाऊन जावा," म्हणालं. धाप लागली होती त्याला. आज्जी वाटेतच उभी राहिली. पदर डोळ्याला लावला, मग नीट खोचला आणि बांध ओलांडून आत गेली.

तोवर मी तिला येळवशीला दुसऱ्याच्या पंगतीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या घरच्या सुनेनं तिच्या पत्रावळीवर भज्जी वाढली, उंडा कुस्करून दिला. आज्जी खाली मान घालून जेवली. जेवण झाल्यावर आपल्या तांब्यातली उरलेली आंबील तिनं त्यांच्या बिंदग्यात ओतली. अंधार पडता पडता त्यांच्या पोरांनी हेंडगा, म्हणजे चूड, पेटवून पिकाभोवती फिरवायला घेतला, तेव्हा लांब लांबच्या शिवारांत, एकेक करून, बाकीचेही दिसायला लागले.