परळहून निघालेली दोन पानं

[दृश्य: परळ, सकाळची गर्दी, केईएमचं फाटक]

परळचं केईएम हॉस्पिटल आणि त्याला लागूनच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. मे 1952 मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इथल्या तीन डॉक्टरांचा, आज बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रक्तगटावरचा पेपर छापून आला. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. त्यांच्यामागे लंडनचे चार नावाजलेले संशोधक: रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन, विनिफ्रेड वॉटकिन्स. पेपर अवघा दोन पानांत मावलेला. पण पहिली तिन्ही नावं मुंबईची, आणि वैद्यकीय संशोधनात नावांच्या क्रमाला फार किंमत असते.

[दृश्य: रक्तपेढी, टेस्ट ट्यूब जवळून]

त्यांनी जे पाहिलं, ते आजही ट्यूबमध्ये दिसतं. पेशंटच्या रक्तपेशींवर अँटी-ए (ए गटाच्या पेशींच्या गुठळ्या करणारा द्राव) टाकलं, काही नाही. अँटी-बी टाकलं, तरी काही नाही. म्हणजे ओ ग्रुप. मग ओचीच पिशवी क्रॉसमॅचला, म्हणजे ते रक्त पेशंटला जुळतं का हे पाहायला, घेतली. पेशंटच्या सिरममध्ये (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवात) पिशवीतल्या पेशींचा थेंब घातला, ट्यूब फिरवून काढली आणि बोटाने हलकी टिचकी मारली. तळाशी बसलेलं लाल बटण अलगद सुटायला हवं होतं. ते सुटत नाही, दाणे धरून राहतं.

"मॅडम, पेशंट ओ आहे, पण ओच जुळत नाहीये!" टेक्निशियनची अशी हाक आली की ओळखायचं.

ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन (रक्तपेशीवरच्या गटाच्या खुणा) 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. ओ ग्रुपमध्ये नुसता पाया असतो. पण ओही न जुळणाऱ्या या माणसांच्या रक्तपेशींवर तो पायाच नसतो. त्यामुळे त्यांच्या रक्तात एचविरुद्धची प्रतिपिंडं (एच असलेल्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) असतात, आणि ए, बी, एबी किंवा ओ, यांतलं कुठलंच रक्त त्यांना चालत नाही. चुकून चढवलं तर त्या पेशी शरीरात फुटतात, जीवावर बेततं. त्यांना त्यांच्याच गटाचं रक्त लागतं. भारतात अशी माणसं साधारण 10 हजारांत एक, युरोपात 10 लाखांत एक. जग या गटाला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं.

[दृश्य: ग्रंथालय, नियतकालिकांची जुनी बांधीव पुस्तकं]

आता या कामाचं वजन मोजायचं कसं? युजीन गारफिल्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे कुठल्या पेपरचा संदर्भ कोणी दिला याची यादी, 1964 मध्ये आला. संशोधकाला एका आकड्यात बसवणारा हिर्श यांचा एच-इंडेक्स (या 'एच'चा रक्तातल्या एचशी संबंध नाही) 2005 मधला. तुमच्या 10 पेपरांना प्रत्येकी किमान 10 संदर्भ मिळाले, तर तुमचा इंडेक्स 10. आणि एकच पेपर लिहिणाऱ्याला हजार संदर्भ मिळाले तरी त्याचा इंडेक्स 1! नोकरी, बढती, अनुदान ठरवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा नीट डोळ्यांखालून घालावा, असं मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. एखादा शोध पाठ्यपुस्तकात गेला की मूळ पेपरचा संदर्भ देणं लोक हळूहळू सोडून देतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे. एमबीबीएसच्या वर्गात बॉम्बे ग्रुप शिकवला जातो, परीक्षेत विचारला जातो. रक्तपेढीत पेशंटचं सिरम ओ पेशींशी लावून पाहिलं जातं, शंका आली तर अँटी-एच वापरलं जातं. यातल्या एकाही तपासणीची नोंद कुठल्याच सायटेशनच्या यादीत होत नाही.

[दृश्य: केईएमचं आवार, उंच इमारत]

त्या पेपरनंतर पाच वर्षांनी, 1957 मध्ये, मुंबईत रक्तगटांचं संदर्भ केंद्र सुरू झालं. आज तीच संस्था राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून केईएमच्याच आवारात आहे. रक्ताची अवघड कोडी अजूनही तिथे येतात.

तेव्हा रेसिडेंट डॉक्टरांना एक विनंती. बॉम्बे ग्रुपच्या पेशंटवर केस रिपोर्ट लिहाल, तेव्हा गेल्या वर्षीच्या एखाद्या आढाव्यावर भागवू नका. 1952 चा लॅन्सेट काढा, पान 903. तो वाचा, आणि संदर्भात भेंडे, देशपांडे, भाटिया ही नावं लिहा.